चित्राला नेसवणारे तात्या

तात्या केळशीकर माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेच तक्रार घेऊन. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाले, "वैनी, तुमची शिवण देवीच्या नाकावरनं गेली."

त्याचं असं झालं होतं. एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर अंतूशेठ नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं आपलं गोदाम रिकामं केलं आणि त्यात सिनेमा सुरू केला. मुक्या चित्रांचा. पडद्याला पुरेल एवढ्या रुंदीचं कापड गावात मिळेना, तेव्हा मांजरपाटाचे पट्टे जोडून पडदा शिवायचं काम माझ्याकडे आलं. माझे यजमान मुंबईला नोकरीला, घरी मी आणि सासूबाई, आणि मी मशीनवर पोलकी, परकर, झबली शिवत असे. एवढं कापड पडवीत मावणं शक्य नव्हतं. अंगणात चटया टाकून मी ते जोडलं, आणि चांगलं जोडलं. फक्त एक जोड बरोबर मध्यावर आला, आणि पहिल्याच खेळाला पडद्यावर जे तोंड मोठं दिसे त्याची दोन शकलं होत.

तात्या तिथे पेटी वाजवायला होते, आणि आमच्या शेजारी राहायला होते. मी विचारलं, "तात्या, तुम्ही नाक बघायला जाता की वाजवायला?"

"नाकाकडे बघूनच वाजवायचं असतं," ते म्हणाले.

मी शिवण उसवली, पट्टे असे लावले की जोड कडेला जावेत, आणि पडदा परत दिला. दुसऱ्या दिवशी गडग्यावर एक पिकला फणस ठेवलेला मिळाला. तात्या तोंडानं कुणाला चांगलं म्हणत नसत. फणस ठेवत.

ते मूळचे केळशीचे. कीर्तनकारांच्या मागे बसून पेटीची साथ करत करत रत्नागिरीला आले आणि राहिले. उंच, वाळके, आणि मान कायम उजवीकडे वळलेली. सिनेमात त्यांची बैठक पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला खालती होती. तिथून मान वळवून चित्राकडे बघत बघत वाजवायचं. काही वर्षांनी ती मान तशीच राहिली. रस्त्यानं जाताना समोरून कुणी आलं तर तात्या त्याच्याकडे न बघता उजवीकडच्या झाडाकडे बघतायत असं वाटे, आणि माणसं रागावत. सिनेमात जायला लागल्यावर कीर्तनकारांनी त्यांना बोलावणं सोडलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, असं ते वरचेवर सांगत. म्हणजे वाटलं होतं.

नव्या चित्राचे डबे मुंबईहून आगबोटीनं यायचे. बोट दूर उभी राही आणि पडाव, म्हणजे मोठी होडी, जाऊन माणसं, सामान घेऊन येई. डबे उतरवून घ्यायला तात्या स्वतः जात. डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत, कान लावत आणि हमालाला सांगत, "मुकंच आहे. चल." हा विनोद त्यांनी किती वर्षं केला असेल कोण जाणे. हमाल प्रत्येक वेळी हसे, कारण तात्या तोवर निघत नसत.

मग दुपारी रिकाम्या गोदामात ते चित्र एकटे बघत. पेटी बंद, दोन्ही हात काखेत दाबलेले. पहिल्या वेळी हात मोकळे ठेवले तर ते नको तिथे धावतात, म्हणत. बघून झालं की बंदरावर फेऱ्या मारत, पुटपुटत, आणि संध्याकाळच्या खेळाला सगळं तयार असे. या कामाला त्यांचा एक शब्द होता. "वाजवणं" म्हणायचे नाहीत. "नेसवणं" म्हणायचे.

"चित्र उघडं येतं, वैनी. त्याला नेसवायचं असतं. देवादिकांना जरीकाठी लागतं. हसण्याच्या जागी पंचा पुरतो, तिथे कुणी लुगडं गुंडाळू नये. आणि कुणी मेलं की हात उचलायचा. मढ्याला सुरानं झाकू नये."

ते खरंच तसं करत. पडद्यावर मरण आलं की पेटी थांबे, आणि आत फक्त वीज करणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकू येई. माणसं अशी गप्प बसत की शेवटच्या रांगेतला खोकलासुद्धा दबून येई. एकच चित्र रोज असलं तरी त्याला रोज वेगळं नेसवत. सोमवारी ज्या नदीला त्यांनी यमन दिला तिला बुधवारी नुसता धैवत धरून ठेवला. असं का, विचारलं तर म्हणाले, "काल गर्दी कोरडी होती. आज खारव्यांची माणसं आली होती, समुद्रावरनं आलेली. त्यांना नदी सांगायला लागत नाही."

हे सगळं मला माहीत आहे ते मी बायकांच्या बाजूला बसत असे म्हणून. ती बाजूही सांगायला हवी.

पडद्याच्या पुढे पुरुष बसत आणि मागे बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी मारून तो ओला करत, म्हणजे चित्र आरपार दिसे. दिसे स्वच्छ, पण उलटं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. मधे मधे येणारी अक्षरंही उलटी. शिवणाऱ्या बाईला कापड उलट्या बाजूनं बघायची सवय असते, म्हणून असेल, मला ती अक्षरं लवकरच वाचता यायला लागली आणि मी बायकांना ती मोठ्यानं सांगू लागले. त्यावर तात्यांची दुसरी तक्रार आली. "तुमचं वाचन माझ्या मारव्यात माशीसारखं पडतं." मग आम्ही तह केला. अक्षरं आली की ते एक स्वर धरून थांबत. माझं सांगून झालं की पुढे जात. पुढच्या बाजूच्या पुरुषांना वाटे, काय खुबीनं थांबतात तात्या.

एका चित्रात एक ऋषी प्रसाद वाटतो असा प्रसंग होता. पुढून तो उजव्या हातानं वाटत होता, आमच्या बाजूनं डाव्या. सासूबाई ताडकन उठल्या. बाकीच्याही कुजबुजायला लागल्या. हे उलटं दिसणं आम्हाला माहीत होतं, लढाईत, बाजारात, लग्नात ते चालून गेलं होतं, पण प्रसाद म्हटल्यावर चालेना. दोघीतिघींनी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. खेळ सुटल्यावर सासूबाई घोळका घेऊन तात्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, जणू त्या ऋषीला तात्यांनीच शिकवला होता.

"अहो काकी, तो पडद्याचा गुण," तात्या म्हणाले. "आणि देवाला दोन्ही हात सारखेच."

"होय?" सासूबाई म्हणाल्या. "मग शिऱ्याचा का बांधता?"

तात्यांनी पेटीचं झाकण लावलं. "देवाला पेटी वाजवायची नसते," ते म्हणाले आणि निघाले.

शिरू, म्हणजे श्रीधर, त्यांचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेलेली. मुलगा डावरा होता. जेवायला उजवा हात तो शिकला होता, पण दगड मारायला, विळा धरायला, माझ्या दोऱ्याला गाठ मारून द्यायला डावाच पुढे येई. तात्या त्याला पेटी शिकवत तेव्हा त्याचा डावा हात पंच्यानं कमरेला बांधत. मग भाता कोण मारणार? तो तात्या मारत. समोर बसून, बापानं भाता मारायचा आणि मुलानं उजव्या हातानं पट्ट्या दाबायच्या. गडग्यावरून मला ते रोज सकाळी दिसे. दोघांची डोकी जवळ जवळ, आणि मधे पेटी. बांधणं काढून टाकलं तर ते चित्र बघायला गोड होतं, म्हणून कुणी काही बोलत नसे. सासूबाई तेवढ्या बोलल्या.

तात्या दुष्ट नव्हते. कीर्तनात त्यांनी हयात घालवली होती. डावा हात कशाचा, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. तो हात सरस्वतीला लावायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येई. शिवाय लोक हसतील ही भीती. वळलेल्या मानेला लोक हसत ते त्यांना ठाऊक होतं.

शिरू उजव्या हातानं बरा वाजवायला लागला. अगदी बरोबर, आणि लाकडासारखं. बाप खेळाला गेला की तो आमच्याकडे जेवून घरी जाई, हात बदले आणि डाव्यानं वाजवी. मग मी मशीन थांबवत असे. मला सुरांतलं काही कळत नाही, पण मशीनच्या आवाजात ते बुडावं असं वाटत नसे.

स्वभावानं तो बापापेक्षा हलका होता. एकदा जेवता जेवता म्हणाला, "वैनी, मी चित्रात गेलो तर बरं होईल. तुमच्या बाजूनं तरी उजवा दिसेन. तात्यांना मागे बसवायचं."

"बायकांत?" सासूबाईंनी विचारलं.

"लुगडं नेसवून," तो म्हणाला, आणि त्या इतक्या हसल्या की ताक सांडलंनी.

तो अठराएक वर्षांचा असताना तात्यांना हिवताप आला. अंगात कापरं भरलेलं, उठवेना. संध्याकाळचा खेळ तर ठरलेला. अंतूशेठनं शिरूला बसवला. आम्हाला मागे हे काहीच माहीत नव्हतं. पेटी कोण वाजवतंय ते आमच्या बाजूनं दिसत नसे. नेहमीसारखं चाललं होतं. मग तो प्रसंग आला: खलाशाची बायको किनाऱ्यावर उभी असते आणि गलबत लांब लांब जातं. तात्या अशा जागी मोठा करुण राग ओतत. त्या दिवशी दोनच स्वर आले. एक वर, एक खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. ओहोटीला पाणी धक्क्याला लागतं तसं, काही न सांगता. आमच्या बाजूला निम्म्या बायका घरधनी दर्यावर नाहीतर मुंबईला असलेल्या. माझ्या शेजारची खारवीण आधी नुसती बघत बसली, मग तोंडात पदर घातलान. गलबत दिसेनासं झालं तरी ते दोन स्वर चालूच राहिले. मला पुढची अक्षरं वाचायची होती. मी वाचली नाहीत. कुणी विचारलंही नाही.

पुढच्या बाजूला, मागाहून कळलं, वेगळंच चाललं होतं. कुणीतरी कोपऱ्यातला डावा हात पाहिला आणि शेजाऱ्याला कोपर मारलं. "डावरो वाजवतो बघ." हसणं रांगेरांगेनं पसरलं. आणि घोंगडी पांघरून, ताप अंगात घेऊन, तात्या दारात येऊन उभे होते. पोराला जमेल की नाही या काळजीनं आले होते. त्यांना ते हसणं ऐकू आलं.

रात्रीचं बोलणं गडग्यापलीकडून आमच्या पडवीत स्पष्ट येत होतं.

"लोकांनी तुझा हात बघितलानी," तात्या म्हणाले.

"बायकांनी ऐकलानी," शिरू म्हणाला.

मग तात्या म्हणाले, "या घरात तो हात पुन्हा पेटीला लागायचा नाही."

त्या आठवड्याच्या बोटीनं शिरू मुंबईला गेला. मी त्याला दोन सदरे शिवून दिले. तात्या बंदरावर आले नाहीत. पण त्या दिवशी नव्या चित्राचे डबे यायचे होते, आणि तात्या डब्यांना आले नाहीत असं पहिल्यांदाच घडलं.

पुढे बोलपट आला. अंतूशेठनं मशीन आणलं, पडद्यामागे कर्णा बसवला, पाणी मारणं बंद केलं आणि आम्हा बायकांना आडपडदा घालून पुढच्या बाजूला बसवलं. आता ऋषींचे हात आम्हालाही सरळ दिसायला लागले. तात्यांचं काम संपलं. अंतूशेठ वाईट नव्हता. दारावर तिकिटं फाडायला बसा म्हणाला. तात्या म्हणाले, फाडायचं काम माझं नव्हे, आणि पेटी खांद्यावर टाकून घरी आले. नंतर दोनचार मुलींना शिकवत, गणपतीत आरत्यांना जात. तिन्हीसांजेला खेळाची घंटा झाली की मात्र उठून पायरीवर येऊन बसत, मान उजवीकडे.

मी एकदाच त्यांच्यापाशी बोलपटाचं कौतुक केलं. मी मशीनवर होते, झबल्यांचा ढीग पडलेला. त्यातलं एक उचलून ते म्हणाले, "हे बघा. हे शिवलेलं. एकदा शिवलंत की कुठच्याही पोराला घाला, मापात बसो न बसो. तुमचा बोलपट हा असा. नेसवणं निराळं. ते ज्याच्या त्याच्या अंगाला, त्या दिवसापुरतं. संध्याकाळी सोडलं की संपलं."

"संपलं त्याचा उपयोग काय मग?" मी म्हटलं. "शिवलेलं टिकतं तरी."

"टिकवायचंय कुणाला?" ते म्हणाले.

शिरू मुंबईत एका बोलपट कंपनीत पेटीला लागल्याचं आम्हाला शिमग्याला आलेल्या एका मुंबईकराकडून कळलं. बापाला निरोप येत. तात्या ऐकून घेत आणि फणसांचं विचारत. मग पुढच्या शिमग्याला निरोप आला की शिरू आता चित्रातही बसलाय. गाण्याच्या बैठकीचा प्रसंग आहे, त्यात पेटी घेऊन तो दिसतो, आणि पेटीही त्याचीच ऐकू येते. "तात्यांना सांगा, रत्नागिरीला आलं की बघा. हात माझाच आहे."

मी जाऊन सांगितलं. तात्या गडग्यावर कोकमं वाळत घालत होते. "बसू दे," म्हणाले. "मी शिवलेलं बघत नाही." थोड्या वेळानं, मी वळल्यावर, विचारलंनी, "कंपनीत हसत नाहीत त्याला?"

"हसत असते तर चित्रात बसवला असता?"

ते कोकमं पसरत राहिले. पण त्या दिवसापासून बोटीच्या दिवशी ते पुन्हा बंदरावर जायला लागले. डब्यांना हात लावत नसत. लांब उभे राहून हमालाला नाव विचारत आणि परत येत. चित्र बघायचं त्यांनी ठरवलं होतं, हे मला कळलं होतं. पण ते तोंडानं कबूल करण्याआधी पावसाळा लागला आणि बोटी बंद झाल्या.

भर आषाढात तार आली. शिरूला विषमज्वर. तार हातात पडली तोवर कंपनीतल्या माणसांनी सगळं उरकलंही होतं. तात्यांनी तार तारवाल्याकडूनच वाचून घेतली, त्याला पाणी दिलं, तो गेल्यावर गडग्याशी आले.

"वैनी, बोटी कधी सुरू होतात?"

रत्नागिरीत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "नारळी पुनवेनंतर," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले आणि आत गेले. घाटावरून, कोल्हापुरावरून जायचं कुणी सुचवलं, पण कुणाकडे जायचं ते कुणालाच सांगता येईना.

चित्र दिवाळी झाल्यावर आलं. अंतूशेठ स्वतः सांगायला आला, आणि चपला काढून पायरीवरच बसला. तात्या धुतलेला सदरा घालून निघाले. मी आणि सासूबाईही गेलो.

ते पहिल्या रांगेत, डाव्या कोपऱ्याला, आपल्या जुन्या जागेच्या मागेच बसले. आडपडद्याच्या फटीतून मला दिसत होते. दोन्ही हात काखेत दाबलेले. चित्र कसलं होतं ते मला आज आठवत नाही. बैठक आली. मधे गाणारी बाई, बाजूला सारंगिया, तबलजी, आणि कडेला, पार कडेला, खाली मान घातलेला शिरू. अंगात मी शिवलेला सदरा नव्हता, कसलासा जरीचा अंगरखा होता. उजवा हात भात्यावर, डावा पट्ट्यांवर. गाणाऱ्या बाईनं तान घेतली की तो थांबे. तिनं श्वास घेतला की त्याचे दोन स्वर येत, वर आणि खाली. मग चित्र दुसरीकडे गेलं, आणि पेटी तेवढी मागून ऐकू येत राहिली. कोणी हसलं नाही. कुणाचं लक्षही नसेल.

तात्यांनी खेळ संपेपर्यंत हात काखेतून काढले नाहीत.

चित्र गावात असेपर्यंत ते रोज गेले. अंतूशेठनं त्यांची जागा धरून ठेवली. त्या दिवसांत त्यांच्याशी कुणाला काय बोलावं ते कळत नसे, आणि मलाही गप्प राहणं जमत नाही. म्हणून एका सकाळी मी त्यांना शिरूची जुनी थट्टा सांगितली: मी चित्रात गेलो तर मागच्या बाजूनं उजवा दिसेन, तात्यांना मागे बसवायचं. मला वाटलं, हसतील.

हसले नाहीत. त्या संध्याकाळी बैठकीचा प्रसंग यायच्या आधी ते उठले आणि पडद्याच्या मागे गेले, जिथे पूर्वी आम्ही बसत असू. आता तिथे कर्णा आणि फुटक्या खुर्च्या होत्या. पडदा कोरडा, चित्र अंधुकच दिसणार. शिरू आला, वाजवून गेला. तात्या परत येऊन जागेवर बसले. मी वाट बघितली. खेळ सुटल्यावर रस्त्यात सासूबाईंनी विचारलं, "दिसला काय हो?"

"दिसला," तात्या म्हणाले. "उजव्या हातानं वाजवतो. अगदी मला हवा होता तसा."

आम्ही बरंच चाललो. आमचं वळण आलं तेव्हा ते थांबले.

"तो माझा नव्हे, काकी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पुढे बसले.

चित्र परत जायच्या दिवशी ते बंदरावर गेले. माझे यजमान त्याच बोटीनं मुंबईला जायचे होते, म्हणून मीही होते. डबे धक्क्यावर ठेवलेले. हमालानं जुन्या सवयीनं विचारलं, "काय तात्या, मुकं?" त्याला काही माहीत नव्हतं. तात्यांनी वाकून डब्याला कान लावला. जरा जास्तच वेळ लावला. हमाल हसायच्या तयारीत उभा होता. मग पडावानं डबे नेले, आणि बोटीनं भोंगा दिला.

परत येताना म्हणाले, "वैनी, तुमचं बरोबर. शिवलेलं बरं. सुटत नाही."

मी रोज शिवलेलं उसवते; मला ते तितकं खरं वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी एकदा त्यांच्याकडे हळदीच्या पानातले पातोळे घेऊन गेले. दुपारची वेळ होती, कौलांवर पाऊस बडवत होता. आतून पेटी येत होती, पण कुणी नवीन पोरगं शिकायला आलंय असं वाटावं अशी. एक स्वर, मग दुसरा चाचपडत, मग चुकीचा, मग भाता रिकामा होऊन सगळंच बंद. शिकायला कुणी नव्हतं. तात्या एकटे बसले होते. डावा हात पट्ट्यांवर, उजवा भात्यावर. दोनच स्वर काढायचे होते, वर आणि खाली. पण स्वर सापडेना झाला की उजवा हात भाता सोडून पट्ट्यांवर धावे, नको तिथे, आणि पेटी गप्प होई. मी दारात उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण मान तशीही दाराकडे वळलेली होती.

"ऐकत नाही हो," ते म्हणाले. "हात."

"कुठचा? डावा?"

"डावा शिकेल. उजवा ऐकत नाही. वैनी, बांधा जरा."

खुंटीवर पंचा होता. मी पातोळे खाली ठेवले, त्यांचा उजवा हात कमरेशी घेतला आणि बांधला. म्हातारा हात, दुखेल म्हणून गाठ सैल मारली. मग समोर बसून मी भात्याला हात घातला. मला भाता मारता येत नव्हता, पण मशीन चालवणाऱ्या बाईला लय सांगायला लागत नाही.

त्यांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि थांबले.

"घट्ट बांधा," ते म्हणाले. "मी घट्ट बांधत असे."